ट्रॅक्टरचा खांदा

“लावला का जी?”

“लावला ना वं.”

“आवाज नाही आला.”

“आता आवाजासाठी बँडवाले बोलवू का?”

ट्रॅक्टरवर बसलेल्या केशवरावांनी कंबरेचा पट्टा सोडला, हात उंच करून बायकोला दिसेल असा धरला आणि पुन्हा खाचेत दाबला. कट्. फाटकाशी तांब्या घेऊन उभ्या असलेल्या यमुताईंनी डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत शंकराचं नाव घेतलं आणि दिवसाचं पहिलं पाणी तोंडाला लावलं.

हा त्यांचा नेम होता. तसे यमुताईंचे नेम पुष्कळ. सोमवार होता, शनिवार होता. फाटकातल्या बेलाचं पान महादेवाला वाहिल्याशिवाय चूल पेटवायची नाही, हा तर लग्नाच्या वर्षापासूनचा. पण पट्ट्याचा नेम नवा. गेल्या वर्षी आषाढात समोरच्या घरातल्या ईश्वरदासभाऊंचा ट्रॅक्टर धानाच्या बांधीत फसला. चाकं चिखलात जागच्या जागी फिरू लागली, तेव्हा कोणीतरी मागच्या चाकांना आडवं लाकूड बांधायला सांगितलं. सगळेच तसं करतात. लाकूड अडलं, इंजिनाने जोर केला, आणि चाकं फिरायच्या ऐवजी ट्रॅक्टरचं तोंडच वर उठलं. बांधावरच्या माणसांनी हाक मारेपर्यंत तो मागच्या मागे उलथला होता. ईश्वरदासभाऊ सीटवरच होते.

तेरवीहून परत आल्यावर यमुताईंनी आपल्या अंगणातल्या ट्रॅक्टरच्या सीटखाली हात घातला. चिखलाने वाळून कडक झालेला पट्टा बाहेर ओढला आणि देवाची वस्त्रं धुवावीत तसा रिठ्याच्या पाण्याने जागच्या जागी धुऊन काढला. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याला सांगितलं, “हा लावल्याचा आवाज कानावर पडल्याशिवाय मी पाणी नाही घेणार.” हळूच सांगितलं. यमुताईंचा आवाज कधी चढलाच नव्हता, त्यामुळे एवढ्या संसारात केशवरावांना त्यांच्याशी धड भांडताही आलं नव्हतं.

तेव्हापासून हे रोज चाललं होतं. ज्या दिवशी ट्रॅक्टर कुठेच जायचा नसे, त्या दिवशीही केशवराव पायजम्याची नाडी सावरत वर चढत, कट् करत आणि खाली उतरत. नाहीतर बायको तहानलेली राहायची. गल्लीतल्या बाया पदरात हसत. केशवराव म्हणत, “हसा. तुमचे नवरे दारू पिऊन येतात, मी बायकोले पाणी पाजून जातो.”

आज पोळ्याचा आदला दिवस. केशवरावांना खताची पोती आणायला मौद्याला जायचं होतं. त्यांनी चावी फिरवायला हात नेला, तोच गल्लीच्या तोंडाशी स्कूटीचा हॉर्न वाजला.

धनश्री आली होती. त्यांची एकुलती एक लेक. आयटीआयला ट्रॅक्टर मेकॅनिकच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. आता नागपुरात एका वर्कशॉपमध्ये कामाला लागली होती आणि सक्करदऱ्यात मैत्रिणींसोबत खोली करून राहत होती. मधल्या काळात ती जेव्हा जेव्हा आली, तेव्हा ट्रॅक्टर कोणाच्या ना कोणाच्या शेतात असायचा. आज तो समोर उभा होता, वर बाप आणि बापाच्या कंबरेला पट्टा.

“वा बाबा,” तिने हेल्मेट काढलं. “आमच्या वर्कशॉपात येणारे सारे पट्ट्यावर बसतात, अन् तुमी बांधून राहिले?”

“तुझ्या आईची कृपा. मी बांधलो नाही तं तिचा घसा कोरडा.”

धनश्री हसत ट्रॅक्टरला वळसा घालून मागे गेली आणि तिचं हसू थांबलं. सीटच्या मागची लोखंडी कमान, जी डोक्याच्या वर उभी असायला हवी, ती बिजागरीवर दुमडून मागे पडलेली होती. तिच्यावर दोरखंड, जेवणाचा डबा आणि वाळत घातलेला गमछा.

“बाबा, हा रोलबार पडेल काहून आहे?”

“कोणता?”

“हे कमान.”

“थे होय? थे डबा ठेवाले देते कंपनी.”

“मस्करी नका करू. कमान खाली असन तं पट्टा लावूच नाही. हे कोणी सांगितलं नाही तुमाले?”

यमुताईंच्या तोंडात पाण्याचा दुसरा घोट होता. तो तसाच राहिला.

“कमान अन् पट्टा नवरा-बायकोसारखे आहेत,” धनश्री सांगू लागली. तिचा आवाजही आईसारखाच हळू, पण आता त्याला घाई होती. “टॅक्टर पलटला तं कमान जमिनीले टेकते अन् तुमच्यापुरती जागा ठेवते. पट्टा तुमाले त्या जागेत धरून ठेवते. दोघं संग असले तं माणूस वाचते. कमानच पडेल असली तं पट्टा तुमाले कुठी धरून ठेवन? लोखंडाच्या खाली. उडी माराले बी सोडणार नाही.”

केशवरावांनी गमछा उचलून खांद्यावर टाकला. “पिन गंजली तिची. निघत नाही.”

“मग आज पट्टा काढा. अन् कालव्याच्या पाळूवरून जाऊ नका, सडकेनं जा. हळू.”

कट्. पट्टा सुटल्याचा आवाजही तसाच असतो, हे यमुताईंच्या आज पहिल्यांदा ध्यानात आलं. ट्रॅक्टर गेला. त्यांनी तोंडातलं पाणी गिळलं. देवाच्या नावाने घेतलेलं थुंकायचं कसं?

“धनू,” त्या म्हणाल्या, “म्हणजे इतके दिवस मी रोज सकाळी त्यायले बांधून देत होती? माझ्याच तोंडानं म्हणून म्हणून?”

“तुले काय मालूम होतं आई?”

“देवाले तं मालूम होतं.” एवढंच बोलून त्या आत गेल्या. त्या दिवशी त्यांनी पोथी उघडली खरी, पण बोट एकाच ओळीवर राहिलं.

संध्याकाळी खांदशेकणी होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे गरम पाण्याने शेकायचे, हळद आणि तूप चोळायचं, आणि कानात सांगायचं: आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. बैलजोडी विकली त्या वर्षीही यमुताईंची तुपाची वाटी तयार होतीच. ती घेऊन त्या ट्रॅक्टरसमोर उभ्या राहिल्या होत्या आणि नवऱ्याला विचारलं होतं, याचा खांदा कोठी आहे जी? केशवरावांनी विचार करून बोनेट दाखवलं. पुढच्या वर्षी त्यांचंच मत बदललं. बैल खांद्याने ओढतो, ट्रॅक्टर मागच्या हुकाने ओढतो, म्हणजे हूक हाच खांदा. त्या वर्षी हुकाला एवढं तूप लागलं की दुसऱ्या दिवशी गावातली कुत्री ट्रॉलीमागे लागली.

आताही पाणी गरम झालं होतं. थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर सरळ वर चालला होता, म्हणजे उद्या पाऊस नाही. खताची पोती उतरवून केशवराव खाटेवर बसले होते.

“सांगा जी,” यमुताई म्हणाल्या, “औंदा खांदा कुठी?”

केशवरावांनी तोंड उघडण्याआधीच धनश्रीने आईचा हात धरला आणि ट्रॅक्टरच्या मागे नेला. दुमडलेल्या कमानीच्या दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्यांवर तिने आईची बोटं ठेवली. “इथं. साऱ्या टॅक्टरचा भार अंगावर आला तं हाच झेलते. ओढते त्याले खांदा म्हणू नको आई, झेलते त्याले म्हण.”

यमुताईंनी क्षणभर त्या गंजलेल्या लोखंडाकडे पाहिलं. मग फडकं गरम पाण्यात बुडवलं आणि बैलाचा खांदा शेकावा तशा त्या बिजागऱ्या शेकू लागल्या. हळद लावली. तूप सोडलं. ते गंजाच्या भेगांतून आत उतरत गेलं.

“तुपानं पिन निघत नाही वं,” केशवराव खाटेवरून म्हणाले. “डिझेल पाहिजे.”

“हातोडी पाहिजे,” धनश्री म्हणाली आणि स्कूटीच्या डिक्कीतून ती घेऊन आली. चार ठोके घातले. पिन हलली. आणखी तूप, आणखी ठोके. पिन तिच्या हातात आली, तुपाने माखलेली; मागोमाग दुसरी.

“तुपानं निघाली,” यमुताई म्हणाल्या.

“हातोडीनं,” धनश्री म्हणाली.

“दोघीयनं मिळून मलेच गंजेल ठरवलं,” केशवराव म्हणाले आणि उठले.

तिघांनी मिळून कमान उचलली. ती करकरली, अर्ध्यात थांबली, मग उभी राहिली. धनश्रीने पिना घातल्या आणि हलवून पाहिली. यमुताईंनी वर बघत कमानीच्या दोन्ही खांद्यांना हळदीची बोटं लावली. “आज आवतन घ्या,” त्या म्हणाल्या, “उद्या जेवाले या.” त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा निवळला होता.

“चला बाबा, फाटकाबाहेर काढून पाहू.”

“उद्या पाहू. अंधारून राहिलं.”

“कुठं अंधारलं? ऊन आहे अजून.”

“गाडी गरम आहे.”

“खाटेवर तं मघापासून तुमीच गरम होऊन राहिले, गाडी तं थंडी पडली.”

केशवराव हलेनात. यमुताईंची नजर मात्र कमानीच्या टोकावरून सरळ पुढे गेली, फाटकाकडे. फाटकाच्या एका अंगाला शेजाऱ्याची भिंत, दुसऱ्या अंगाला बेल. बेलाची एक जाड फांदी आडवी वाढून फाटकावरून भिंतीपर्यंत गेली होती. तिच्याच सावलीत त्या रोज तांब्या घेऊन उभ्या राहत, तिचीच पानं हाताला येत म्हणून महादेवाला जात. आणि त्या फांदीच्या पोटाला, बरोबर कमानीच्या उंचीवर, एक जुनी जखम होती. शेणमातीने लिंपलेली, वर गमछ्याची पट्टी गुंडाळलेली.

ती जखम त्यांना ठाऊक होती. ट्रॅक्टर नवा आला त्याच आठवड्यात एका दुपारी फांदीची साल सोललेली दिसली होती. केशवराव म्हणाले होते, वानरं असतील. यमुताईंनी वानरांना मनातून खूप वाईट बोलून घेतलं. मग आपण मारुतीच्या लेकरांना बोललो म्हणून जिवाला लागलं, आणि पाच शनिवार नारळ फोडले.

“वानरं का जी?” त्यांनी विचारलं.

केशवराव गमछ्याचं टोक बघू लागले. एका बाजूने तो फाटलेला होता, त्या वर्षापासूनच.

“नारळ तं साऱ्यात जास्त तुमीच खाल्लं.”

“गोड होतं,” केशवराव म्हणाले. मग जरा वेळाने, खाली बघूनच, “पह्यल्या दिवशी ध्यानात नाही आलं, कमान लागली फांदीले. तुले सांगतलं असतं तं तू जेवली नसती. तेव्हापासून पाडूनच ठेवली. पिन मंग गंजली. माह्यं काय, एवढ्या वर्षांत एकदा बी पलटलो नाही.”

“ईश्वरदासभाऊ बी नव्हते पलटले,” यमुताई म्हणाल्या.

धनश्रीने वर फांदीकडे पाहून विचारलं, “मग फांदी कापाची का?”

“आज चतुर्दशी, उद्या अमावस्या. या दोन दिवसांत मी पान तोडत नाही, अन् फांदी तोडू?” यमुताईंनी परवाच पानं काढून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली होती. “अन् बेलाले लोखंड लावाचं म्हणजे...” त्यांनी वाक्य सोडून दिलं.

“मग असं करा बाबा. फाटकात कमान पाडाची, बाहेर निघालं की उभी कराची, पिना घालाच्या, मग पट्टा. रोज.”

“करीन ना,” केशवराव इतक्या लवकर म्हणाले की दोघी मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं.

पोळ्याच्या दिवशी धनश्रीने स्वतः फाटकाबाहेर कमान उभी केली, तिला झेंडूच्या माळा गुंडाळल्या. कट् झालं. यमुताईंनी पाणी घेतलं. ट्रॅक्टर बैलांच्या मागे मागे तोरणाकडे गेला आणि दोघी पुरणाला लागल्या.

तोरणापाशी काय झालं ते केशवरावांनी आपणहून कधी सांगितलं नाही. शेजारच्या बायांकडून कळलं. आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली बैल उभे होते, झडत्या, म्हणजे पोळ्याची चिमटे काढणारी कवनं, सुरू झाल्या होत्या. कोणी म्हणालं, केशव, झुला बांधाचा आहे का गा? कोणी म्हणालं, फुटबॉलचा गोल घेऊन आला. मग बापूजींनी, ज्यांच्या झडतीची गाव वर्षभर वाट पाहतं, हात वर केला आणि जागच्या जागी जुळवून म्हटलं:

“केशवच्या टॅक्टरले झेंडूची कमान,
पट्ट्यात बांधून ठेवला बायकोनं हनुमान,
पाणी पिते मंग, म्हणते पोथी-पुराण,
एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव.”

सारा पोळा हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं. बापूजी सरपंचालाही सोडत नसत. केशवरावही हसले. पण संध्याकाळी ट्रॅक्टर गल्लीत आला, तेव्हा झेंडूच्या माळा बोनेटवर होत्या आणि कमान मागे पडलेली होती. केशवरावांच्या कंबरेला पट्टा घट्ट बांधलेला होता.

“पट्टा लावून आलो बरं,” ते उतरता उतरता म्हणाले. “कोणी कितीही हसलं तरी तुह्या नेमात खंड नाही पडू देल्ला.”

धनश्री बोलायला पुढे झाली. यमुताईंनी तिच्या हाताला हात लावला.

“हात-पाय धुवा जी,” त्या म्हणाल्या, “वाढते.”

पुरणपोळीवर त्यांनी नेहमीसारखं तूप वाढलं, कढी वाढली, वडे वाढले. जेवणं झाल्यावर दिवेलागणीला त्या एकट्याच फाटकाशी गेल्या. बेलाच्या बुंध्याला हळद-कुंकू लावलं आणि वाटीत उरलेलं खांदशेकणीचं तूप त्या आडव्या फांदीला, हात पोचेल तिथपर्यंत चोळलं. धनश्री ओसरीवरून बघत होती. आई झाडाशी काहीतरी बोलत होती, पण तिचं बोलणं शेजारी उभं राहिलं तरी नीट ऐकू येत नसे, तर ओसरीवर काय येणार.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गावात कोणी झोपलेलं नसतं. आदल्या दिवशी दारोदारी लावलेल्या पळसाच्या फांद्या उपटायच्या, वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन फेकायच्या आणि घरातली सगळी पीडा, ती वाहून नेणाऱ्या मारबतीच्या गळ्यात घालायची. नागपुरात महालातून मारबतीच्या पुतळ्यांची मोठी मिरवणूक निघते. धनश्रीच्या मैत्रिणी तिला आदल्या रात्रीपासून फोन करत होत्या. “येते गं दुपारपर्यंत,” ती म्हणाली. “इथली मारबत झाल्याबिगर आई सोडत नाही.”

उजाडता उजाडता सगळे शिवेवर जमले.

“खोकला-खासी घेऊन जाय गे मारबत!”

“ढेकूण-मच्छर घेऊन जाय गे मारबत!”

“धानावरचा तुडतुडा घेऊन जाय गे मारबत!”

“माह्या सासूचा मोबाईल घेऊन जाय गे मारबत!” एक सून म्हणाली, आणि तिची सासूच सगळ्यांत जास्त हसली.

मग सखूबाई पुढे आली. ईश्वरदासभाऊंची बायको. वर्षभर ती कुठल्या सणाला घराबाहेर निघाली नव्हती, आजही तिला कोणी बोलावलं नव्हतं. हातातली पळसाची फांदी तिने छातीशी धरली होती. लोकांचं हसणं आपोआप विरलं.

“उलटा टॅक्टर,” ती म्हणाली. फांदी वर उचलून तिने पुन्हा म्हटलं, “उलटा टॅक्टर घेऊन जाय गे मारबत.”

फांदी तिने फेकली. ती फार लांब गेली नाही.

“घेऊन जाय गे मारबत!”

धनश्रीने वळून पाहिलं. हा आवाज तिने जन्मात ऐकला नव्हता. यमुताई मान ताठ करून, गळ्याच्या शिरा फुगवून ओरडल्या होत्या. केशवरावांच्या हातातला ढोल तसाच राहिला. मग मागून बापूजी म्हणाले, मग बाया, मग सगळं गाव म्हणालं, आणि पळसाच्या फांद्या एकामागून एक शिवेपलीकडे जाऊन पडल्या.

परतताना केशवरावांनी एकही विनोद केला नाही. घरी आल्यावर ते सरळ मागच्या खोलीत गेले आणि आरी घेऊन आले.

“अमावस्या सरली, आज पाडवा,” ते म्हणाले. “आज चालते ना?”

यमुताई डोक्यावरून पदर घेऊन फाटकाशी उभ्याच होत्या. त्यांनी हात पुढे केला. “द्या इकडं.”

“मी कापतो ना वं.”

“तुमी त्याले पट्टी बांधली होती. तुमच्या हातानं नको. पाप लागन तं मले लागन.”

“अर्धं मले दे,” केशवराव म्हणाले. “नारळ बी अर्ध्याहून जास्त मीच खाल्लं.”

त्या हसल्या. मग धनश्रीने धरलेल्या शिडीवर चढल्या, जुन्या जखमेवरची गमछ्याची पट्टी सोडून कंबरेला खोचली आणि आरी लावली. पहिल्या ओढीला आरी घसरली, दुसऱ्या ओढीला रुतली. अर्ध्यावर त्यांना दम लागला, तेव्हा त्या मुकाट्याने खाली उतरल्या आणि आरी नवऱ्याच्या हातात दिली. फांदी खाली आली तेव्हा तिचा फार आवाजही झाला नाही. पानांनी तो झेलला.

कापल्या जागी यमुताईंनी शेणमाती लिंपली, वर तीच पट्टी बांधली. पानं गल्लीतल्या घराघरांत वाटली. आता पान काढायचं तर शिडी लावावी लागणार होती. लावू, त्या म्हणाल्या.

धनश्री स्कूटीला पिशवी अडकवून थांबली होती. केशवरावांना सखूबाईच्याच शेतावर खत टाकायला जायचं होतं. ते ट्रॅक्टरमागे गेले, डबा नि दोरखंड काढून बाजूला ठेवला, कमान एकट्यानेच उचलली आणि पिना घातल्या. एक, मग दुसरी. हलवून पाहिली. वर बसले. कोणी विचारायच्या आधी कट्.

ट्रॅक्टर फाटकातून निघाला. कमानीच्या वर मोकळं आभाळ होतं.

“गोल झाला बाबा,” धनश्री म्हणाली आणि स्कूटी सुरू केली.

यमुताई नेहमीच्या जागी तांब्या घेऊन उभ्या होत्या. तिथे आता सावली नव्हती; ऊन सरळ पाण्यावर पडलं होतं. त्यांनी तांब्या ओठांशी नेला आणि थांबल्या. समोरच्या घराच्या दारात सखूबाई येऊन उभी होती. ती ट्रॅक्टरकडे बघत नव्हती, त्याच्या वरच्या कमानीकडे बघत होती. गल्ली संपली, ट्रॅक्टर सडकेला लागला, कालव्याचा चढ चढला, कमानीचं टोक तेवढं दिसत राहिलं, मग तेही दिसेनासं झालं. तरी सखूबाई तिथेच होती.

यमुताई गल्ली ओलांडून गेल्या आणि भरलेला तांब्या तिच्यापुढे धरला.

“घे वं,” त्या म्हणाल्या. “आधी तू घे.”